गोळी की जेल? इस्ट्रोजेनच्या दोन उपचारांचा आढावा

पुण्यातल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एका सकाळी तीन वेगवेगळ्या वयाच्या स्त्रिया इस्ट्रोजेनची चिठ्ठी घेऊन बाहेर पडू शकतात. पीसीओएस हा बीजकोशाचा संप्रेरक-विकार असलेल्या कॉलेजच्या मुलीला संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या मिळतात. अंगातून वाफा निघून रात्री घामाने जाग येणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना हाताला चोळायचं जेल मिळतं. वारंवार लघवीची जळजळ होणाऱ्या साठीतल्या आजींना योनिमार्गात लावायचं क्रीम मिळतं. घरी गेल्यावर तिघींना सल्ला मात्र एकच ऐकू येतो: हार्मोन्स घेऊ नकोस, कॅन्सर होतो, वजन वाढतं, सवय लागते.

या तिघींची गरज निराळी आहे. औषधाचा रेणू, मात्रा, शरीरात शिरण्याची वाट आणि धोकेही निराळे आहेत. एकीची भीती दुसरीच्या माथी मारली की जिला औषध हवं ती ते सोडून देते. उलट एकीचा अनुभव दुसरीने उसना घेतला की जिला ते चालत नाही ती घेत राहते. म्हणून गोळी आणि त्वचेवरचं किंवा योनिमार्गातलं इस्ट्रोजेन यांची तुलना प्रसंगानुसार करायला हवी.

दोन औषधं, दोन उद्देश

संयुक्त गोळीत दोन संप्रेरकं असतात: एथिनिल एस्ट्राडायॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन आणि जोडीला एक प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम संप्रेरक. सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या माला-एनच्या आणि दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ गोळ्यांत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडायॉल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, उरलेल्या सात लोहाच्या असतात. ही गोळी मेंदूकडून बीजकोशाला जाणारा संदेश दाबते. बीज बाहेर पडत नाही, म्हणून गर्भ राहत नाही. पाकीट संपताना येणारा रक्तस्राव औषध थांबल्यामुळे येतो. बीजकोश आपलं काम करतो आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

जेल, त्वचेवर चिकटवायचा पॅच आणि क्रीम यांचा उद्देश याच्या उलट आहे. बीजकोशाचं काम थांबलं किंवा मंदावलं, तर त्याची उणीव भरून काढायची. जेलमध्ये आणि पॅचमध्ये बहुधा १७-बीटा एस्ट्राडायॉल असतं, म्हणजे स्त्रीचा बीजकोश तयार करतो तोच रेणू. ते त्वचेतून रक्तात जातं आणि सगळ्या शरीरावर काम करतं. योनिमार्गातल्या क्रीमची मात्रा फार कमी असते. त्यात अनेकदा एस्ट्रिऑल हे सौम्य इस्ट्रोजेन असतं आणि त्याचं काम त्या जागेपुरतंच राहतं. बाहेरून लावायचं म्हणून जेल आणि क्रीम यांना एकाच माळेत ओवणं ही पहिली चूक आहे. यांपैकी एकही गर्भनिरोधक नाही, हे विसरणं ही दुसरी.

आकड्यांच्या तुलनेतही फसगत होते. गोळीत ३० मायक्रोग्रॅम आणि जेलच्या रोजच्या नेहमीच्या मात्रेत १५०० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन, हे वाचून जेल पन्नासपट जहाल वाटतं. पण त्वचेवर चोळलेल्या जेलमधला थोडाच भाग रक्तात पोचतो. शिवाय एथिनिल एस्ट्राडायॉल शरीरात सहज मोडत नाही आणि यकृतावर त्याचा परिणाम कित्येक पटींनी तीव्र असतो. लेबलावरचे मिलिग्रॅम पाहून औषध हलकं की भारी ते ठरवता येत नाही.

कर्व्यांपासून मालापर्यंत

गर्भनिरोधाची चर्चा मराठी समाजाला नवी नाही. हिंगण्याला विधवांच्या शिक्षणाचं काम उभं करणाऱ्या महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून कुटुंबनियोजनाचं काम अंगावर घेतलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. बानू कोयाजी यांनी हे काम शहरातून वढू परिसरातल्या गावांपर्यंत नेलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कर्वे आणि परांजपे यांनी काम सुरू केलं तेव्हा गोळी नव्हती. एथिनिल एस्ट्राडायॉल बर्लिनच्या शेरिंग कंपनीत १९३८ साली तयार झालं. गोळीच्या मोठ्या चाचण्या १९५६ पासून पोर्तो रिकोत झाल्या आणि १९६० मध्ये अमेरिकेत एनोविड ही पहिली गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य झाली. तिच्यात आजच्या गोळीच्या कितीतरी पट संप्रेरक होतं. रक्ताच्या गुठळ्यांच्या तक्रारी आल्या तशी मात्रा खाली आली. आज बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असतं. गोळीविषयीची बरीचशी धास्ती त्या जुन्या, जड मात्रेच्या काळातली आहे.

आपल्याकडे गोळी घराघरात पोचली असंही म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ५ टक्के गोळी वापरत होत्या. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. त्यामुळे गोळीचे फायदे-तोटे आईने मुलीला सांगावेत, असा अनुभवच बहुसंख्य घरांत जमा झालेला नाही.

वाट यकृताची आणि वाट त्वचेची

तुलनेचा गाभा यकृतात आहे. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं. तिथे रक्त गोठवणारे घटक आणि रक्तदाबाशी संबंधित प्रथिनं वाढतात, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढू शकते. त्वचेतून गेलेलं एस्ट्राडायॉल थेट रक्ताभिसरणात मिसळतं, म्हणून यकृतावरचा हा पहिला भार टळतो.

गुठळीच्या आकड्यांत हा फरक दिसतो. युरोपीय औषध नियामकाच्या आढाव्यानुसार गोळी न घेणाऱ्या दर १०,००० तरुण स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर हे प्रमाण ५ ते ७ होतं, तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पिरेनोन या प्रोजेस्टिनच्या गोळ्यांवर ९ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहून जास्त असतो, हेही त्याच दमात सांगायला हवं. रजोनिवृत्तीच्या उपचारांबाबत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या ‘एस्थर’ अभ्यासात तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गुठळीची शक्यता सुमारे चौपट आढळली, त्वचेवरून घेणाऱ्यांत वाढ दिसली नाही. ब्रिटनमधल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात गुठळी झालेल्या ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्याचाही निष्कर्ष हाच निघाला.

यातून ‘त्वचेवरचं ते सुरक्षित’ असं सरसकट सूत्र काढता येणार नाही. परदेशात त्वचेवर चिकटवायचा गर्भनिरोधक पॅचही मिळतो. त्यात एथिनिल एस्ट्राडायॉल असतं आणि त्याचा गुठळीचा धोका गोळीइतकाच, ६ ते १२ च्या घरात आहे. हा रेणू कुठल्याही वाटेने शिरला तरी यकृताला गाठतोच. म्हणजे वाटेइतकाच रेणूही महत्त्वाचा आहे.

पुण्यासाठी या मुद्द्याला वेगळं वजन आहे. इथल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगाला दाखवलं, की भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी शरीरात चरबी जास्त असू शकते आणि मधुमेह लवकर गाठतो. पन्नाशीतल्या मराठी स्त्रीला साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता बरीच. अशा वेळी यकृताला वळसा घालणारी त्वचेची वाट आधी विचारात घेणं तर्काला धरून आहे.

पाळी जाताना

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षं आधी. वाफा, घाम, झोपमोड, धडधड, चिडचिड हे सगळं ‘वयाचं’ म्हणून सोसलं जातं. या वाफांवर इस्ट्रोजेनइतका परिणामकारक दुसरा उपचार नाही. चाचण्यांचा एकत्रित हिशेब पाहिला तर वाफांची संख्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटते.

मग भीती कुठून आली? जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा एक भाग मधेच थांबवण्यात आला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. बातमी जगभर पोचली, तपशील पोचला नाही. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. औषध तोंडाने दिलं जात होतं, ते घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन होतं आणि जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन होतं. गर्भपिशवी काढलेल्या ज्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. आज वयाच्या साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले तर बहुतेक निरोगी स्त्रियांत फायदा धोक्यापेक्षा मोठा ठरतो, यावर तज्ज्ञांचं बरंचसं एकमत आहे. अमेरिकेच्या औषध नियामकानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरच्या ठळक चौकटीतले बरेचसे इशारे काढण्याचं जाहीर केलं.

धोका शून्य झाला, असा याचा अर्थ नाही. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा प्रोजेस्टिन) वर्षानुवर्षं घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, मग इस्ट्रोजेन त्वचेवरून घेतलेलं असलं तरी. आणि जिची गर्भपिशवी जागेवर आहे तिने नुसतं जेल लावून चालत नाही, कारण एकट्या इस्ट्रोजेनमुळे पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. त्यासाठी सोबत प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल किंवा पिशवीत बसवलेलं लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं तांबीसारखं साधन लागतं. मैत्रिणीचं जेल मागून आणून लावणाऱ्या स्त्रीला हे कुणी सांगितलेलं नसतं.

या वयात गोळी चालते का? चाळिशीतली, धूम्रपान न करणारी, रक्तदाब आणि वजन ताब्यात असलेली निरोगी स्त्री गोळी घेऊ शकते. तिला गर्भनिरोध आणि नियमित पाळी दोन्ही मिळतं. पन्नाशीनंतर मात्र संयुक्त गोळी थांबवावी. जेलवर असलेल्या पंचेचाळिशीतल्या स्त्रीने गर्भनिरोधाची वेगळी सोय ठेवावी, कारण पाळी लांबली तरी दिवस राहू शकतात.

क्रीम: सर्वांत दुर्लक्षित औषध

वाफा काही वर्षांनी ओसरतात. योनिमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळच्या वेदना, लघवीची घाई आणि जंतुसंसर्ग हे त्रास उपचारांवाचून वाढत जातात. त्यांच्याबद्दल स्त्रिया बोलत नाहीत. नवऱ्याशी नाही, अनेकदा डॉक्टरशीही नाही. लघवी तपासायची, अँटिबायोटिक घ्यायचं, महिन्याभराने पुन्हा तेच, या चक्रात वर्षं जातात.

या चक्रावरचा उपाय १९९३ मध्येच सिद्ध झाला आहे. इस्रायलमधल्या एका चाचणीत वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांपैकी काहींना एस्ट्रिऑलचं क्रीम दिलं. त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण वर्षाला सरासरी ०.५ वर आलं, तर औषधविरहित क्रीम लावणाऱ्यांत ते जवळपास सहा होतं. योग्य मात्रेतलं हे क्रीम रक्तात नगण्य उतरतं. त्यासाठी प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही. मोठ्या अभ्यासांत त्याने स्तनाचा कॅन्सर किंवा हृदयविकार वाढल्याचं आढळलेलं नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा, असा साधा क्रम असतो. पाकिटातल्या माहितीपत्रकावरचे इशारे वाचून ते कपाटात ठेवून दिलं जातं, याचं मनापासून वाईट वाटतं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे त्यांनी मात्र कॅन्सरतज्ज्ञाला विचारूनच ते वापरावं. या त्रासांवर गर्भनिरोधक गोळी हा उपाय नाही.

अवेळी थांबलेली पाळी

चाळिशीच्या आत बीजकोश थकले, किंवा शस्त्रक्रियेत काढले गेले, तर प्रश्न वाफांपुरता राहत नाही. हाडं, हृदय आणि मेंदू अनेक वर्षं इस्ट्रोजेनविना राहतात. महाराष्ट्रात या प्रश्नाला ऊसतोडणीचा संदर्भ आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश गेले तर पाळीनंतरचं वय एका दिवसात येतं. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात. अशा स्त्रीला नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, इस्ट्रोजेन देणं ही जगभरची शिफारस आहे. गर्भपिशवी नसल्यामुळे तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरतं आणि तिच्यासाठी जेल हा सोपा, तुलनेने निर्धोक मार्ग आहे. ऊस तोडून, मोळ्या वाहून जगणाऱ्या बाईची हाडं तिची कमाई आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या कागदावर हा उपचार लिहिलेलाच नसेल, तर शस्त्रक्रिया अर्धवट राहिली असं समजावं.

पिशवी शाबूत असून बीजकोश अवेळी थकलेल्या तरुणीसाठी गोळी की एस्ट्राडायॉल, हा खरा निवडीचा प्रश्न आहे. मैत्रिणींसारखंच पाकीट घ्यायचं, ‘आजारी’ वाटायचं नाही, म्हणून काहींना गोळी सोयीची वाटते. या अवस्थेतही शंभरातल्या पाच-दहा जणींना दिवस जाऊ शकतात, तेव्हा गर्भ नको असेल तर गोळीच उपयोगी. पण २८ दिवसांच्या पाकिटात सात दिवस संप्रेरक नसतं. वर्षाच्या तेरा पाकिटांत ते ९१ दिवस होतात. हाडांची घनता मोजणाऱ्या छोट्या चाचण्यांचा कौल एस्ट्राडायॉलकडे झुकतो.

धावणाऱ्या मुलींची हाडं

सगळ्यांत स्वच्छ उत्तर मिळालं आहे ते खेळाडू मुलींबाबत. बालेवाडीच्या मैदानावर किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे टेकडीवर धावणाऱ्या मुलींपैकी काहींची पाळी बंद पडते. खर्च होणारी ऊर्जा खाण्यातून भरून येत नाही, तेव्हा मेंदू पुनरुत्पादनाचं काम थांबवतो. ‘पाळी आणायला’ म्हणून त्यांना गोळ्या दिल्या जातात. महिन्याला रक्तस्राव होतो, घरचे निश्चिंत होतात आणि हाडं ठिसूळ होत राहतात.

अमेरिकेत बॉस्टन इथे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाळी थांबलेल्या किंवा अनियमित झालेल्या, १४ ते २५ वयाच्या १२१ खेळाडूंचे तीन गट केले. एका गटाला एस्ट्राडायॉलचा पॅच आणि ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन, दुसऱ्याला संयुक्त गोळी, तिसऱ्याला काहीच नाही. वर्षभराने पॅचवरच्या मुलींच्या मणक्याची घनता वाढली, गोळीवरच्या मुलींना तसा लाभ झाला नाही. एक कारण पुन्हा यकृतात सापडतं: गोळीमुळे तिथे तयार होणारा, हाडांना पोसणारा आयजीएफ-१ हा घटक कमी होतो. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलं होतं, की अशा मुलींना केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी गोळी देऊ नये. आधी आहार आणि विश्रांती, त्याने भागलं नाही तर थोड्या काळासाठी त्वचेवरचं एस्ट्राडायॉल. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी हे जाणून घ्यावं. मुलीच्या ताटातल्या भाकऱ्या मोजण्यापूर्वी तिच्या पाकिटातल्या गोळ्या मोजू नयेत.

गोळीची जमेची बाजू

इतकं वाचून गोळी वाईट ठरते, असं कुणी समजू नये. तरुण स्त्रीला स्वतःच्या हातात राहणारा, थांबवला की जननक्षमता परत देणारा गर्भनिरोध गोळीने दिला. अचूक घेतली तर वर्षाला हजारात तीन जणींनाच दिवस राहतात. प्रत्यक्षात विसरणं धरून हे प्रमाण शंभरात सातच्या आसपास जातं. पीसीओएसमध्ये पाळी नियमित करणं, मुरमं आणि नको असलेले केस कमी करणं, यासाठी गोळीला जेल हा पर्याय नाही. पाच वर्षं गोळी घेतल्यास बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो आणि हे संरक्षण पुढे अनेक वर्षं टिकतं. स्तनाच्या कॅन्सरची किंचित वाढही खरी आहे. डेन्मार्कमध्ये १८ लाख स्त्रियांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये काढलेला हिशेब असा, की संप्रेरक गर्भनिरोधक वापरणाऱ्या सुमारे ७,७०० जणींत वर्षाला एक रुग्ण जास्त.

गोळी कुणी टाळावी, याची यादी ठरलेली आहे. गुठळी होऊन गेलेली, उच्च रक्तदाबाची, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषांसह अर्धशिशी होणारी, पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी, नुकती बाळंत झालेली आणि स्तनाचा कॅन्सर झालेली स्त्री. आपल्या देशात आणखी एक गोष्ट डॉक्टरला आवर्जून सांगावी: क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळी निकामी ठरू शकते. फिट्सच्या काही औषधांचंही तसंच आहे.

गौरी-गणपती, लग्न किंवा वारी आली की पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते. ती संयुक्त गोळी नव्हे आणि तेवढ्या काळात गर्भनिरोधही करत नाही. मोठ्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडायॉलमध्ये बदलतो. म्हणून जिला संयुक्त गोळी चालत नाही तिने हीही दुकानदाराला विचारून घेऊ नये.

निष्कर्ष

गर्भ नको असेल किंवा पीसीओएसचा त्रास असेल, तर निरोगी तरुणीसाठी गोळी. त्यातही लेव्होनॉर्जेस्ट्रेलची जुनी, स्वस्त गोळी गुठळीच्या दृष्टीने उजवी. पाळी जाताना वाफांसाठी त्वचेवरचं एस्ट्राडायॉल, आणि गर्भपिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉनची जोड. फक्त कोरडेपणा आणि मूत्रसंसर्ग असेल तर क्रीम पुरेसं. अवेळी बीजकोश थांबले तर पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन, शक्यतो त्वचेवरून. उपाशी धावणाऱ्या मुलीसाठी आधी अन्न, मग गरजेप्रमाणे पॅच किंवा जेल, आणि नुसती पाळी दाखवायला गोळी नाही.

माला-एन सरकारी केंद्रात मोफत मिळते. जेल, पॅच आणि क्रीम मात्र बहुतेकींना स्वतःच्या पैशाने विकत घ्यावं लागतं. पाळी गेलेल्या आणि पिशवी काढलेल्या स्त्रियांसाठी ही औषधं महापालिकेच्या आणि जिल्ह्यांच्या रुग्णालयांत सहज मिळायला हवीत, ही मागणी स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि स्त्री-संघटनांनी लावून धरावी. वाचक भगिनींना एवढंच सांगणं, की चिठ्ठीवर इस्ट्रोजेन दिसलं तर दवाखान्यातून उठण्याआधी चार प्रश्न विचारा: हे कशासाठी, यात कोणता रेणू आहे, सोबत प्रोजेस्टेरॉन लागेल का, आणि किती काळ घ्यायचं? उत्तरं मिळेपर्यंत घाबरून औषध सोडू नका आणि दुसऱ्या कुणाचं पाहून सुरूही करू नका.